फाईलचा पासवर्ड विसरल्यावर काय करता येते आणि काय नाही

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीला मावशीच्या घरी जेवणाच्या टेबलावर काकांचा लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावरची एक छोटी चौकट पासवर्ड मागत होती. काकांना जाऊन दीड महिना झाला होता. बँकेतल्या ठेवी, विमा, पोस्टातली खाती, कोणाला किती हातउसने दिले आहेत, हा सगळा हिशोब त्यांनी एका एक्सेल फाईलमध्ये ठेवला होता आणि ती फाईल पासवर्डशिवाय उघडत नव्हती. ‘गावाचे नाव आणि कसले तरी साल’ असे ते एकदा बोलता बोलता म्हणाले होते, एवढेच मावशीला आठवत होते. जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानाने चार हजार रुपये मागितले होते आणि लॅपटॉप आठ दिवस ठेवून जायला सांगितले होते. मावशीने मला विचारले, “अगं, बँकेचा पासवर्ड विसरले तर ओटीपी येतो आणि दुसरा करता येतो. मग ह्याचा का येत नाही?”

हा प्रश्न आता पुष्कळ घरांत पडतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ पासून बॅकअपला पासवर्ड लावण्याची सोय दिली असून तो हरवल्यास आपण काहीही करू शकत नाही, असे कंपनी स्वतःच सांगते. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्या संगणकांवर संपूर्ण डिस्क आपोआप सांकेतिक रूपात ठेवली जाते आणि एखादी दुरुस्ती किंवा अपडेट झाल्यावर ४८ अंकी किल्ली मागणारा निळा पडदा अचानक समोर उभा राहतो. म्हणून मावशीला टेबलावर बसून जे समजावले, तेच येथे जरा नीट आणि सविस्तर मांडत आहे.

ओटीपी का येत नाही

बँकेच्या किंवा ईमेलच्या बाबतीत आपली माहिती दुसऱ्याच्या संगणकावर असते आणि त्या संगणकाच्या दारात एक पहारेकरी बसलेला असतो. पासवर्ड ही त्या पहारेकऱ्याला पटवायची खूण आहे. ती विसरली, तर तो दुसरी खूण मागतो: तुमच्या मोबाईलवर संदेश पाठवतो, शाखेत ओळखपत्र घेऊन बोलावतो आणि ओळख पटली की आत सोडतो. माहिती आत जशीच्या तशी, वाचता येईल अशीच असते.

तुमच्या लॅपटॉपवरच्या एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात बदललेल्या, फाईलला असा पहारेकरीच नसतो. तुम्ही कोण, फाईल कोणाची, ती उघडण्याचा हक्क कोणाला, यातले काहीही फाईलला ठाऊक नसते. वारसाहक्काचा दाखला, मृत्युपत्र, आधार कार्ड हे कागद माणसांना दाखवायचे असतात आणि येथे पलीकडे माणूसच नसतो. मावशीला ही गोष्ट सर्वांत जास्त लागली. “म्हणजे मी त्यांची बायको आहे, ह्याला काहीच अर्थ नाही?” असे तिने विचारले. गणिताच्या दृष्टीने खरोखरच नव्हता.

मजकूर कपाटात नसतो, मजकूरच बदललेला असतो

एन्क्रिप्शन म्हणजे मजकुराचे एका गुप्त संख्येच्या मदतीने अशा रूपात रूपांतर करणे, की ती संख्या हाती असल्याशिवाय मूळ मजकूर परत मिळू नये. त्या गुप्त संख्येला किल्ली म्हणतात. पण या शब्दामुळेच घोटाळा होतो, कारण किल्ली म्हटली की डोळ्यांसमोर कुलूप लावलेले कपाट येते, आणि कपाट म्हटले की कुलूप तोडता येईल, मागची फळी काढता येईल, असे वाटू लागते.

त्यापेक्षा लहानपणची ‘च’ची भाषा आठवावी. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे ‘च’ लावायचा: ‘मला पाणी दे’ याचे ‘चलाम चणीपा चदे’. येथे वाक्य कोठेही लपवलेले नाही, ते समोरच आहे, पण त्याचे रूप बदलले आहे. या भाषेची अडचण एवढीच, की युक्ती एकदा कळली की शेजारच्या प्रत्येक मुलाला सगळे समजते. ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच लिहून ठेवले होते की सांकेतिक पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजच्या सर्व चांगल्या पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

त्यांतली सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे एईएस. योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती तयार केली आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ मध्ये ती स्वीकारली. तिची प्रत्येक पायरी छापील स्वरूपात कोणालाही वाचता येते. तरीही ती टिकून आहे, कारण तिच्या सर्वांत लहान किल्लीतही १२८ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा १२८ जागा असतात. त्यातून होणाऱ्या किल्ल्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी आहे. एखादे यंत्र सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासत असेल, तरी सगळ्या तपासायला विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे ७८ कोटी पट काळ लागेल. ‘अजून मोठा संगणक आणू’ हा येथे उपाय होत नाही.

हटवलेली फाईल परत आणता येते, मग ही का नाही, असेही विचारले जाते. फाईल हटवताना बहुधा फक्त तिची अनुक्रमणिकेतली नोंद पुसली जाते आणि मजकूर काही काळ डिस्कवर तसाच राहतो, म्हणून तो उचलता येतो. एन्क्रिप्टेड फाईलमध्ये मूळ मजकूर त्या रूपात शिल्लकच नसतो.

पासवर्डपासून किल्ली कशी बनते

किल्ली १२८ किंवा २५६ बिटांची असते आणि तेवढी संख्या कोणीही पाठ करत नाही. आपण टाकतो तो पासवर्ड आणि किल्ली यांच्यामध्ये एक गिरण बसवलेली असते. पासवर्ड त्या गिरणीतून काढला की किल्ली तयार होते. हे काम एकाच दिशेने चालते. शिजवलेली डाळ पुरणयंत्रातून काढली की पुरण मिळते, पण पुरणाकडे पाहून डाळीचे दाणे पुन्हा जुळवता येत नाहीत, तसेच हे आहे. पासवर्ड स्वतः फाईलमध्ये कोठेही लिहिलेला नसतो. तेथे एक लहानशी पडताळणीची नोंद असते, जिच्यावरून प्रोग्रॅमला तयार झालेली किल्ली बरोबर की चूक एवढेच कळते.

गिरणीत दोन खुब्या असतात. पहिली म्हणजे पासवर्डबरोबर टाकली जाणारी यादृच्छिक अक्षरांची चिमूट, जिला या क्षेत्रात ‘सॉल्ट’ म्हणजे मीठच म्हणतात. त्यामुळे दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तरी किल्ल्या वेगळ्या होतात आणि कोणालाही आधीच दळून ठेवलेली उत्तरे वापरता येत नाहीत. दुसरी खुबी अधिक महत्त्वाची आहे: दळण एकदाच होत नाही, ते हजारो वेळा पुन्हा पुन्हा होते. २०१० पासूनच्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये (एक्सेल, वर्ड वगैरे) ते एक लाख वेळा होते, फायली आवळून एकत्र ठेवणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्रॅममध्ये ५ लाख २४ हजार २८८ वेळा. बरोबर पासवर्ड टाकणाऱ्याला एक क्षणभर थांबावे लागते आणि ते जाणवतही नाही. मात्र एकामागून एक पासवर्ड चाचपत बसणाऱ्याला प्रत्येक चाचपणीमागे हे सगळे दळण नव्याने दळावे लागते. एवढ्या जड किल्लीसमोर कोणी किल्ली शोधत बसत नाही, सगळे पासवर्ड शोधतात. विसरलेल्या माणसाला आशेला जागा आहे ती येथेच.

पूर्ण विसरणे आणि थोडे आठवणे

हा भाग मावशीसमोर वहीच्या पानावर आकडे लिहून समजावला होता, तसाच येथे देते. समजा पासवर्ड दहा अक्षरांचा आहे आणि त्यात छोटी इंग्रजी अक्षरे व अंक कसेही विखुरलेले आहेत. प्रत्येक जागेसाठी ३६ पर्याय, म्हणून एकूण शक्यता सुमारे ३६ लाख ५६ हजार अब्ज. गणितासाठी एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा (संगणकातला चित्रांसाठीचा भाग, जो असे हिशोबही झपाट्याने करतो) वेग सेकंदाला १०,००० प्रयत्न धरला, तर सगळे संपवायला सुमारे ११,६०० वर्षे लागतील.

आता मावशीला जेवढे आठवत होते तेवढे धरू. गावाचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना आपण मराठी माणसे फार वेगवेगळे लिहितो. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘आ’साठी ए एकदा की दोनदा, ‘श’मध्ये एच घालायचा की नाही, असे करून वीस लेखने धरली. प्रत्येक लेखन सगळे छोट्या अक्षरांत, सगळे मोठ्या अक्षरांत किंवा फक्त पहिले अक्षर मोठे, म्हणजे ६०. नाव आणि साल यांच्यामध्ये काहीच नाही किंवा पाचांपैकी एखादे चिन्ह, म्हणजे ३६०. पुढे चार अंक कोणतेही, म्हणजे १०,००० पर्याय. एकूण ३६ लाख. तेच ग्राफिक्स कार्ड हे सहा मिनिटांत संपवील, आणि सेकंदाला अवघे १०० प्रयत्न करणारा जुना लॅपटॉपसुद्धा दहा तासांत.

अकरा हजार वर्षे आणि सहा मिनिटे यांच्यातला फरक यंत्राने पाडलेला नाही, तो एका वाक्याच्या आठवणीने पाडला आहे. म्हणूनच पासवर्ड विसरल्यावर पहिले दोन तास संगणकावर घालवू नयेत, ते कागद-पेन्सिल घेऊन आठवणी लिहिण्यात घालवावेत, असे मी आग्रहाने सांगते. त्या काळात तुम्ही दुसरीकडे कोणते पासवर्ड वापरत होता, त्यात मोठे अक्षर कोठे यायचे, शेवटी कोणते चिन्ह लावायची सवय होती, फाईल बनवली त्या वर्षी घरात काय चालले होते, कोणाचा जन्म झाला, कोणती गाडी घेतली. बोटांनाही आठवते. डोळे मिटून, विचार न करता, नेहमीच्या वेगाने दोन-तीनदा टाईप करून पाहावे आणि मग बोटांनी कोणत्या कळा दाबल्या ते लिहून काढावे.

मग पासवर्ड फुटल्याच्या बातम्या येतात त्या कशा

त्या बातम्या खऱ्या असतात, पण जवळून पाहिले तर एईएसची किल्ली कोणीही फोडलेली नसते. फुटते ते आजूबाजूचे काहीतरी.

कधी पद्धतच जुनी आणि अशक्त असते. एईएसच्या आधीच्या डीईएस या मानकाची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक खास यंत्र बांधून अशी किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली. आपल्या घरातही असे जुने नमुने सापडतात. ऑफिस ९७ ते २००३ या काळातल्या, नावापुढे फक्त ‘एक्सएलएस’ किंवा ‘डॉक’ असलेल्या फायलींत बहुतेक वेळा ४० बिटांची किल्ली असे. तिच्या शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी, म्हणजे आजच्या संगणकाच्या आवाक्यातल्या. अशा फाईलचा पासवर्ड कितीही लांबलचक असला तरी त्याच्या वाटेला न जाता थेट किल्लीच शोधता येते. झिपच्या जुन्या सांकेतिक पद्धतीतही एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्ये एक मोठे भोक दाखवले: झिपमधल्या मजकुराचा एखादा तुकडा तुमच्याकडे मूळ रूपात असेल, तर त्यावरून बाकी सगळे उलगडता येते. म्हणून जुन्या झिपमध्ये फोटो असतील आणि त्यांतला एक जरी मूळ फोटो दुसरीकडे सापडला, तर तो जपून ठेवावा. तो कामाला येण्याची शक्यता असते.

कधी पासवर्ड बनवणारी यंत्रणा कच्ची असते. युरोपातल्या एका माणसाने २०१३ मध्ये आपल्या बिटकॉइनच्या पाकिटासाठी रोबोफॉर्म या प्रोग्रॅमकडून वीस अक्षरांचा पासवर्ड बनवून घेतला होता आणि तो ज्या एन्क्रिप्टेड फाईलमध्ये ठेवला, ती फाईलच खराब झाली. वीस अक्षरे म्हणजे आशा सोडायचीच वेळ. पण जो ग्रँड या हार्डवेअर तज्ज्ञाच्या आणि त्याच्या सहकाऱ्याच्या लक्षात आले की प्रोग्रॅमची ती आवृत्ती संगणकाच्या घड्याळातल्या तारीख-वेळेवरून पासवर्ड ठरवत असे. त्यांनी घड्याळ मागे नेले आणि त्या काळात ज्या ज्या क्षणी जो जो पासवर्ड निघाला असता तो पुन्हा काढला. त्यांतला १५ मे २०१३ चा एक पासवर्ड लागू पडला. २०२४ मध्ये ही हकिकत जगासमोर आली. तेथेही आठवणीचाच वाटा होता: पासवर्ड साधारण कधी बनवला, त्यात विशेष चिन्हे होती की नव्हती, हे शोधकार्याचे मुख्य प्रश्न होते.

आणि पुष्कळदा, जिला पासवर्ड आहे असे आपण म्हणतो ती फाईल वाचायला पासवर्ड लागतच नाही. एक्सेलची फाईल उघडते, आकडे दिसतात, पण कोणताही रकाना बदलू देत नाही, तर तो केवळ पत्रकाला लावलेला अटकाव आहे. पीडीएफमध्येही दोन पासवर्ड असतात, एक उघडण्याचा आणि दुसरा छापणे किंवा मजकूर उचलणे यांवर बंदी घालणारा. ज्या संकेतस्थळांवर पीडीएफ ‘क्षणात अनलॉक’ होते, तेथे बहुधा हा दुसरा प्रकार असतो. ती बंदी म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला केलेली विनंती असते आणि न ऐकणारा प्रोग्रॅम ती सहज बाजूला सारतो. उघडण्याचाच पासवर्ड असेल, तर हा झटपट मार्ग लागू होत नाही.

विसरलेला नसून ठरलेला पासवर्ड

लोक घाबरून मला फोन करतात, त्यांतल्या निम्म्या वेळा फाईल ई-आधारची असते. तिचा पासवर्ड आपण ठेवलेलाच नसतो, तो सूत्राने ठरतो: आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे चार अंकी जन्मवर्ष. नाव तीनच अक्षरांचे असेल तर तीनच घ्यायची, आणि नावात आद्याक्षरानंतर टिंब असेल तर तेही चारांत मोजायचे. या टिंबापाशी बरेच जण अडतात. बँका, म्युच्युअल फंड, प्राप्तिकर खाते यांच्याकडून येणाऱ्या पीडीएफचेही असेच सूत्र असते आणि ते सोबतच्या ईमेलमध्ये लिहिलेले असते. पॅन क्रमांक छोट्या अक्षरांत मागितला आहे की मोठ्या, जन्मतारखेत दिवस आधी आहे की वर्ष, हे शांतपणे वाचावे.

कंपनीकडे किंवा सरकारकडे मास्टर किल्ली असेलच ना

ही समजूत फार घट्ट आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधले कलम ६९ पाहिले तर उलटेच चित्र दिसते. या कलमाखाली सरकार एखाद्या व्यक्तीला सांकेतिक माहिती उलगडून देण्यास फर्मावू शकते आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्व कुलपांची किल्ली हाती असती, तर माणसाला शिक्षेचा धाक घालून किल्ली मागायची गरज पडली नसती.

कंपनीकडे किल्लीची प्रत असते ती फक्त तेथे, जेथे आपणच ती ठेवू दिलेली असते. विंडोजची ४८ अंकी किल्ली बहुधा तुम्ही संगणक सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आत आलात, त्या खात्यात जमा असते आणि दुसऱ्या फोनवरून त्या खात्यात जाऊन ती पाहता येते. कार्यालयाचा संगणक असेल तर तेथील आयटी विभागाकडे ती असण्याचा संभव असतो. पण तुम्ही स्वतः एक्सेल, झिप किंवा व्हेराक्रिप्टमध्ये (फायली ठेवायला सांकेतिक कप्पा बनवणारा प्रोग्रॅम) लावलेल्या पासवर्डची प्रत कोणाकडेही जात नाही.

उद्या क्वांटम संगणक आला की सगळे उघडेल, असेही बोलले जाते. अशा संगणकाची आज ठाऊक असलेली रीत एईएसच्या किल्लीची ताकद बिटांच्या हिशोबात निम्म्यावर आणते, म्हणजे २५६ बिटांची किल्ली १२८ बिटांसारखी वागेल, आणि १२८ म्हणजे काय ते वर पाहिलेच. त्याची वाट पाहत फाईल ठेवण्यापेक्षा आपल्या आठवणींची यादी वाढवणे अधिक उपयोगाचे आहे.

हातात काय घ्यावे

सर्वप्रथम फाईलची एक प्रत पेनड्राईव्हवर काढून बाजूला ठेवावी आणि सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. एन्क्रिप्टेड फाईलचा थोडासा भाग जरी बिघडला, तरी नंतर बरोबर पासवर्ड सापडूनही ती न उघडण्याची शक्यता असते. व्हेराक्रिप्टच्या कप्प्याचा सुरुवातीचा भाग खराब झाला, तर तो बरोबर पासवर्डलाही चूक म्हणतो. अशा वेळी कप्प्याच्या शेवटी ठेवलेली त्या भागाची राखीव प्रत वापरण्याचा पर्याय त्याच प्रोग्रॅममध्ये असतो, तो जरूर करून पाहावा.

दुसरे, फाईल उघडण्याआधी तिचा मजकूर दुसरीकडे शोधावा. मला हा मार्ग सर्वांत जास्त फळलेला आहे. पासवर्ड लावण्यापूर्वीची प्रत कोणाला तरी ईमेलने पाठवलेली असते, जुन्या पेनड्राईव्हवर पडून असते, कागदावर छापलेली असते. गुगल ड्राईव्हवर त्याच फाईलवर नवी आवृत्ती चढवली असेल, तर जुन्या आवृत्त्या साधारणपणे ३० दिवस राहतात. म्हणजे पासवर्ड नुकताच लावला असेल, तर दिवस वाया घालवून चालणार नाही. ठेवींच्या यादीसारखी गोष्ट असेल, तर बँकेचे पासबुक, व्याजावर कापलेल्या कराची प्राप्तिकर खात्याकडची नोंद आणि विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या यांवरून ती यादी बऱ्याच अंशी नव्याने उभी करता येते. मावशीकडेही आम्ही हे समांतर सुरू ठेवले होते.

तिसरे, कळफलक तपासावा. कॅप्स लॉक, अंकांच्या कळांचे नम लॉक, नव्या लॅपटॉपवर जागा बदललेली चिन्हे, हे सगळे क्षुल्लक वाटते, पण पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसत असल्याने चूक डोळ्यांना दिसत नाही. कळफलक इन्स्क्रिप्ट या मराठी टंकनाच्या मांडणीवर असेल, तर एमची कळ ‘स’ उमटवते आणि एची कळ ओकाराची मात्रा. टाकणाऱ्याला वाटते आपण इंग्रजीत लिहिले, आणि फाईलने देवनागरी पासवर्ड स्वीकारलेला असतो. पासवर्ड आधी कोऱ्या कागदपत्रात उघडपणे टाईप करून पाहावा आणि मग चौकटीत टाकावा.

एवढे करूनही हाती काही लागले नाही, आणि आठवणींची यादी मात्र चांगली झाली असेल, तर जॉन द रिपर आणि हॅशकॅट हे दोन मुक्त प्रोग्रॅम आहेत. तुमच्या यादीतल्या तुकड्यांच्या सगळ्या जुळण्या ते एकामागून एक तपासतात. ऑफिसच्या फाईलसाठी त्यांना मूळ फाईल द्यावी लागत नाही. फाईलमधली ती छोटी पडताळणीची नोंद आधी वेगळी काढली जाते आणि शोध त्या नोंदीवर चालतो. म्हणून एखाद्या जाणकाराची मदत घ्यायची झाली, तर त्याला केवळ ही नोंद आणि तुमचे अंदाज द्यावेत, मजकूर तुमच्याच घरात राहू द्यावा. सापडलेला पासवर्ड त्याला कळेल, हे मात्र ध्यानात ठेवावे आणि तोच पासवर्ड दुसरीकडे असेल तर तो आधी बदलावा.

अनोळखी संकेतस्थळावर अख्खी फाईल चढवणे किंवा लॅपटॉप दुकानात आठ दिवस सोडणे मला मुळीच मान्य नाही. ज्या मजकुरासाठी तुम्ही पासवर्ड लावला होता, तोच परक्याच्या हाती देण्यासारखे ते होते. शिवाय जो कोणी फाईल कोणत्या आवृत्तीची आहे आणि तुम्हाला काय आठवते, हे न विचारताच ‘शंभर टक्के उघडून देतो’ म्हणतो, त्याला आगाऊ पैसे देऊ नयेत. आणि हे सगळे स्वतःच्या किंवा हक्काने आपल्याकडे आलेल्या फाईलसाठीच आहे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय अप्रामाणिक हेतूने शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग पासवर्ड सोपा ठेवावा का

पुष्कळ जण या अनुभवानंतर पासवर्ड लावणेच सोडतात किंवा सगळीकडे जन्मतारीख टाकतात. मला ते पटत नाही, कारण ज्या कमकुवतपणामुळे तुम्हाला फाईल उघडेल, त्याच कमकुवतपणामुळे चोरालाही उघडेल. गणित दोघांना सारखेच लागू आहे. चार-सहा एकमेकांशी संबंध नसलेले शब्द ओळीने घेऊन केलेला पासवर्ड लांब असतो आणि तरी लक्षात राहतो, मात्र ते शब्द एखाद्या अभंगातून किंवा म्हणीतून उचललेले नसावेत. तो एका कागदावर लिहून लिफाफ्यात, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावा. कागदावर लिहिणे असुरक्षित असते, असे आपल्याला शिकवले गेले, पण परगावचा चोर तुमच्या कपाटातला लिफाफा वाचायला येत नाही आणि घरच्या माणसाला मात्र वेळेला तो सापडतो. लिफाफ्यावर कोणत्या फाईलचा, कोणत्या प्रोग्रॅमचा आणि कळफलक कोणता, हेही लिहावे.

हे शेवटचे मी मावशीच्या घरी शिकले. ३६ लाख शक्यतांची यादी करून रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला होता आणि सकाळी यादी संपली तरी काही सापडले नव्हते. यादीत नाही ते यंत्राला सापडत नाही, आणि चूक यादीतच होती. चहा घेताना मावशी सहज म्हणाली, “ते मोबाईलवरसुद्धा इंग्रजीत मराठी कधी लिहीत नसत, त्यांना राग यायचा त्याचा.” मी कळफलक मराठीवर नेला. गावाचे नाव (ते येथे मुद्दाम लिहीत नाही) देवनागरीत टाकले आणि पुढे तिचे लग्नाचे साल इंग्रजी अंकांत टाकले, ते चुकले. तेच साल देवनागरी अंकांत टाकल्यावर फाईल उघडली.

आत चौदा ओळी होत्या. शेवटच्या रकान्याचे शीर्षक ‘कोणास भेटावे’ असे होते आणि प्रत्येक ओळीपुढे शाखेतल्या किंवा पोस्टातल्या माणसाचे नाव आणि फोन क्रमांक होता. मावशीने ती फाईल छापून घेतली, छापील कागद लोखंडी कपाटात ठेवला आणि मागच्या बाजूला पेनाने लिहिले: ‘कळफलक मराठी, आकडेही मराठी.’